त्वचेआडचा संधिवात आणि यंत्राची नजर

सोरायसिसमधून उद्भवणारा संधिवात बहुधा आगाऊ सूचना देऊन येतो. दहापैकी सात-आठ रुग्णांमध्ये त्वचेवरचे खवले आधी दिसतात आणि सांध्यांचे दुखणे नंतर, सरासरीने सात ते दहा वर्षांनी, सुरू होते. एवढा अवधी देणारे सांध्यांचे आजार फार थोडे. जगभरच्या अभ्यासांचे आकडे २०१९ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा सोरायसिसच्या दर पाच रुग्णांमागे साधारण एकाला हा संधिवात असल्याचे दिसले. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण जास्त, आशियात कमी. टोरोंटोच्या दवाखान्यात संधिवात नसलेल्या सोरायसिसच्या रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा दर वर्षी शंभरातल्या दोन-तीन जणांना तो नव्याने जडत असल्याचे आढळले. म्हणजे धोका कोणाला आहे ते माहीत, तो माणूस डॉक्टरांच्या समोर नियमितपणे येतो हेही माहीत. तरीही २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांना संधिवात असूनही त्याचे निदान झालेले नव्हते. त्याच वर्षी डब्लिनच्या डॉक्टरांनी दाखवले की, लक्षणे सुरू झाल्यापासून तज्ज्ञापर्यंत पोहोचायला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांच्या सांध्यांची हाडे अधिक झिजलेली होती आणि हातापायांची कार्यक्षमताही कमी होती. एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने ही चुकामूक थांबवता येईल, अशी आशा गेल्या काही वर्षांत जोर धरू लागली आहे. ही आशा कितपत खरी, कोणत्या अटींवर खरी आणि आपल्याकडे ती कशी लागू होईल, हे पाहायला हवे.

निदान का हुकते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण यंत्राने नेमके काय करावे, हे त्यावरच ठरते. हा संधिवात ‘सांधेदुखी’ या शब्दातून मनात येणाऱ्या चित्रात बसत नाही. त्याची सुरुवात अनेकदा सांध्याच्या पोकळीत न होता कंडरा किंवा अस्थिबंध हाडाला चिकटतो त्या जागी होते. म्हणून टाच दुखते, कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, कंबर पहाटे आखडलेली असते आणि चालू-फिरू लागल्यावर सैल होते. कधी हातापायाचे एखादे अख्खे बोट सुजते. बोटाच्या टोकाजवळचा सांधा धरतो, आणि तो तर वयोमानाच्या झिजेतही धरतो. आमवातात उपयोगी पडणारा रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर इथे बहुतेक वेळा निगेटिव्ह येतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्यावर विषय संपतो. टाचेसाठी रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, डोळा लाल होऊन दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञाकडे, कंबरेसाठी मालिश करणाऱ्याकडे. टाचेच्या दुखण्याचा कोपरावरच्या खवल्यांशी संबंध असेल असे त्याला वाटण्याचे कारणच नसते, म्हणून त्वचेच्या दवाखान्यात तो ते सांगत नाही. तिथे विचारलेही जात नाही, कारण एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष त्वचेवर असते. या आजाराच्या खुणा त्वचेवरही असतात, पण त्या हव्या तिथे पाहिल्या तरच दिसतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये दाखवले की, टाळूवर, नखांवर आणि नितंबांमधल्या खाचेत सोरायसिस असलेल्यांना पुढे संधिवात होण्याचा धोका अधिक असतो. नखांचा संबंध शरीररचनेतच आहे. बोट सरळ करणारी कंडरा शेवटच्या सांध्यापाशी जिथे चिकटते, तिथून तिचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पसरलेले असतात. नखावरचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे कित्येकदा शेजारच्या कंडरेतल्या दाहाची खबर देत असतात.

यावर पहिला उपाय शोधला गेला तो प्रश्नावल्यांचा, आणि तो यंत्रांच्या कितीतरी आधीचा. बोस्टन, टोरोंटो, लीड्स, व्हेरोना इथल्या तज्ज्ञांनी २००७ ते २०१२ या काळात अशा प्रश्नावल्या तयार केल्या. त्यातली सर्वांत आटोपशीर पेस्ट नावाची, पाच प्रश्नांची. कधी सांधा सुजला होता का, डॉक्टरांनी कधी संधिवात असल्याचे सांगितले होते का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखली होती का, एखादे बोट उगाचच पूर्ण सुजून दुखले होते का. तीन होकार आले की संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सोरायसिसच्या रुग्णांची संधिवातासाठी दर वर्षी अशी विचारपूस करावी, असे मार्गदर्शन केले आहे. पण ब्रिटनमध्येच २०१३ मध्ये तीन प्रश्नावल्या एकाच वेळी तपासून पाहिल्या, तेव्हा त्या आजार असलेल्या चारपैकी सुमारे तिघांना पकडत होत्या खऱ्या. आजार नसलेल्यांपैकी मात्र जेमतेम तिसऱ्या हिश्शालाच ‘तुम्हाला काही नाही’ असे बरोबर सांगू शकत होत्या. बाकीच्यांना झिजेचा संधिवात होता, अंगदुखी होती, वय होते. आपल्या ओळखीचे उदाहरण भिगवणचे आहे. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीप्रमाणे आधी स्वयंसेवक प्रश्न विचारत आणि दुखणे सांगणाऱ्यांना पुढच्या टप्प्यावर डॉक्टर तपासत. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी दुखणे सांगितले. दाहक संधिवाताचे रुग्ण त्यातले थोडेच होते. शेतात राबणाऱ्या, पाणी-लाकूड वाहणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या समाजात ‘दुखते का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर सहज येते. त्यामुळे केवळ दुखण्यावर बेतलेली चाळणी आपल्याकडे ब्रिटनपेक्षाही अधिक भरड ठरेल, असे मानायला जागा आहे.

चाळणी भरड असण्याची किंमत आकड्यांतून स्पष्ट होते. त्वचेच्या दवाखान्यांत येणारे एक हजार सोरायसिसचे रुग्ण घेऊ आणि त्यातल्या १५० जणांना निदान न झालेला संधिवात आहे असे धरू. चारपैकी तिघांना पकडणारी आणि निरोग्यांपैकी केवळ ३७ टक्क्यांना मोकळे करणारी प्रश्नावली ११२ खरे रुग्ण पुढे पाठवेल आणि त्यांच्याबरोबर ५३५ नाहक पाठवलेलेही. संधिवाततज्ज्ञाला सहा जणांत एक खरा रुग्ण सापडेल. आता निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना मोकळे करणारी, पण आजाऱ्यांपैकी फक्त निम्म्यांना पकडणारी प्रणाली घ्या. ती ७५ खरे आणि ८५ नाहक असे १६० जण पाठवेल. जवळपास निम्मे खरे. जिथे संधिवाततज्ज्ञ मोजके आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाहीत, तिथे हा फरक प्रचंड आहे. पण याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला ७५ माणसे आहेत, ज्यांना आजार असून यंत्राने घरी पाठवले. शिवाय दडलेला आजार हजारात १५० नसून ५० असेल, तर हीच प्रणाली २५ खरे आणि ९५ नाहक रुग्ण पाठवेल आणि तिची अचूकता पाचात एकावर येईल. यंत्र तेच, फक्त दवाखाना बदलला. एखाद्या प्रणालीची ‘अचूकता’ कुठल्या गर्दीत मोजली ते सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ उरत नाही, आणि बातम्यांमध्ये तेच नेमके सांगितलेले नसते.

आकडेमोडीतली दुसरी प्रणाली कल्पनेतली नाही. इस्रायलमध्ये मक्काबी या आरोग्य निधीच्या सदस्यांच्या नोंदींवर प्रेडिक्टा मेड या कंपनीने तयार केलेली प्रणाली तपासण्यात आली आणि तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. सोरायसिसच्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या भेटी, चाचण्या, औषधे, इतर निदाने हे सगळे वाचून ही प्रणाली संधिवाताचा संशय घेते. निरोग्यांपैकी ९० टक्के मोकळे सुटतील अशा बेताने तिची मर्यादा ठरवली, तेव्हा डॉक्टरांना संशय येण्याच्या एक वर्ष आधी तिने सुमारे निम्मे रुग्ण ओळखले, आणि चार वर्षे आधी एक तृतीयांशाहून थोडे अधिक. मला हा निकाल या क्षेत्रातला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो, कारण तो तपासणीच्या मोठ्या खर्चाशिवाय, आधीच पडून असलेल्या माहितीतून आलेला आहे. टाचेच्या दुखण्याची एक भेट, सहा महिन्यांनी वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी, मग डोळ्याचा दाह, मग सूज दाखवणारी रक्तचाचणी: वेगवेगळ्या डॉक्टरांच्या कागदांवर विखुरलेल्या या गोष्टी एकत्र पाहणारे तोवर कोणी नव्हते.

बाकीचे प्रयत्न वेगवेगळ्या दिशांनी चालले आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीवरून कोणत्या सोरायसिसमधून संधिवात होईल याचे भाकीत करून पाहिले. सर्वाधिक धोक्याच्या वरच्या पाच टक्क्यांत ते नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर आले. पण एवढ्या वरच्या टोकाला संधिवाताचे थोडेच रुग्ण सापडतात, बाकीचे मधल्या धूसर पट्ट्यात राहतात, आणि अभ्यासातली माणसे बहुतांशी युरोपीय वंशाची होती. जर्मनीत एरलांगेनच्या संशोधकांनी हाताच्या एमआरआय प्रतिमांवरून संधिवाताचे प्रकार ओळखायला न्यूरल नेटवर्कला शिकवले. सांध्यांची तक्रार नसलेल्या सोरायसिसच्या रुग्णांच्या प्रतिमाही त्याने बहुतेक वेळा सोरायसिसच्या संधिवाताच्या गटात टाकल्या. याच गटाने साध्या छायाचित्रातून नखांच्या विकृतीला गुण देणारी प्रणालीही तयार केली आहे. अमेरिकेत सॉरकास्ट या उपक्रमाने रुग्णाच्या मोबाइलवरच भर दिला: बोटांची छायाचित्रे आणि बरणीचे झाकण उघडताना होते तशी हाताची हालचाल यांतून नखे, सूज आणि सांध्यांचे दुखणे मोजण्याचा तो प्रयत्न होता. आणि युरोपात २०२१ मध्ये सुरू झालेला हिपोक्रॅटिस हा मोठा प्रकल्प सोरायसिसच्या २५ हजार रुग्णांची ऑनलाइन नोंदणी करून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगून आहे. यातला एमआरआयचा निकाल सर्वांत चमकदार दिसतो, पण चाळणी म्हणून तो सर्वांत दूरचा आहे. हजार जणांची एमआरआय करण्याची सोय असती, तर यंत्राची गरज आज वाटते तेवढी वाटली नसती.

आता मूळ मुद्दा. ही सारी यंत्रे शिकतात ती माणसांनी आधी केलेल्या निदानांवरून. क्षयरोगाशी तुलना केली की अडचण कळते. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या चाळणीसाठी मान्यता दिली. मुंबईत सुरू झालेल्या क्यूर डॉट एआय या कंपनीचीही अशी प्रणाली वापरात आहे. तिथे यंत्राला संशय आला की पुढे थुंकीची जनुकीय चाचणी असते, आणि जंतू आहे की नाही हे ती सांगते. यंत्र चुकले तर कळते. सोरायसिसच्या संधिवाताला अशी अखेरची चाचणी नाही. या आजाराच्या वर्गीकरणाचे २००६ सालचे कॅस्पर निकष सर्वत्र वापरले जातात, पण तेही ‘सांध्याचा, मणक्याचा किंवा कंडरेच्या जागेचा दाह आहे’ असे डॉक्टरांनी ठरवल्यानंतरच लागू होतात. अंतिम सत्य म्हणजे अनुभवी संधिवाततज्ज्ञाचे मत. मग ज्या रुग्णाला तसा तज्ज्ञ कधी भेटलाच नाही, त्याच्या नोंदीत ‘संधिवात नाही’ असे मुकाट्याने गृहीत धरले जाते, आणि यंत्र ते सत्य म्हणून शिकते. त्वचेच्या दवाखान्यात पंधरा टक्के रुग्णांचे निदान राहून गेलेले असते हा आकडा खरा असेल, तर त्या दवाखान्याच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राला खोटे धडे मिळालेले असणार. शिवाय जे डॉक्टरांकडे वारंवार जातात, मोठ्या शहरात राहतात, तक्रार नीट मांडतात, त्यांचे निदान लवकर होते. यंत्र त्यांच्यासारखे दिसणाऱ्यांना अधिक ओळखेल. हा निव्वळ तर्क नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या ओबरमायर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवले की, अमेरिकेत लाखो रुग्णांसाठी वापरली जाणारी एक प्रणाली आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असल्याने ती त्यांना प्रत्यक्षापेक्षा निरोगी समजत होती. आपल्याकडे खेड्यातून येणाऱ्या स्त्रीची टाचदुखी कागदावर कधीच आलेली नसते. नोंदीतली तिची शांतता यंत्राला आरोग्यासारखी दिसेल.

इथे एक सरळ आक्षेप येतो: मग डॉक्टरांनी विचारावे आणि नखे पाहावीत, यंत्र हवे कशाला? या आक्षेपात मोठे तथ्य आहे, आणि यंत्रांच्या समर्थकांनी तो टाळू नये. पाच प्रश्न, दहा नखे, दोन टाचा आणि टाळू पाहायला काही मिनिटे लागतात. ज्या दवाखान्यात हे होत नाही तिथे महागडी प्रणाली आणून काही साधणार नाही, कारण ती ज्यावर शिकणार ती माहितीच तयार होणार नाही. तरीही आक्षेप पूर्ण पटत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले वरच्या हिशेबातच आहे: नुसत्या प्रश्नांमुळे नाहक पाठवलेल्यांची गर्दी एवढी होते की संधिवाततज्ज्ञाची वेळ मिळायला महिने लागतात, आणि खऱ्या रुग्णाचा उशीर एका दाराऐवजी दुसऱ्या दारात होतो. प्रश्नावलीत होकार आलेल्यांना वय, वजन, नखे, टाळू, सूज दाखवणाऱ्या चाचण्या, कुटुंबातला इतिहास हे एकत्र तोलून क्रम लावता आला, तर ज्याला पुढच्या आठवड्यात तपासायला हवे तो पुढच्या आठवड्यात तपासला जाईल. हे तोलणे माणसाला जमत नाही असे नाही. पण थकव्यात, घाईत, रोज सारखे जमत नाही. दुसरे कारण काळाचे. धोका एका भेटीत संपत नाही, तो वर्षानुवर्षे चालू असतो. पहिल्या वर्षी विचारले, तिसऱ्या वर्षी राहून गेले, पाचव्या वर्षी डॉक्टर बदलले. कोणाची विचारपूस कधी राहिली हे लक्षात ठेवण्याचे काम यंत्राला सोपवण्यात काहीच गैर नाही, आणि त्यासाठी त्याने फार हुशार असण्याचीही गरज नाही.

इस्रायलमधले यश इथे उचलून आणता येईल का? मला नाही वाटत, आणि याचे कारण यंत्राच्या गणितात नाही. तिथे एका आरोग्य निधीकडे माणसाच्या अनेक वर्षांच्या भेटी, औषधे आणि चाचण्या एकाच ठिकाणी असतात. आपल्या बहुतेक रुग्णांचा वैद्यकीय इतिहास प्लास्टिकच्या पिशवीत असतो, त्यातले निम्मे कागद हरवलेले, आणि वेदनाशामक गोळ्या बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून आरोग्य खाते क्रमांक दिले गेले, पण क्रमांक असणे आणि त्यामागे सलग, विश्वासार्ह नोंद असणे यात मोठे अंतर आहे. म्हणून नोंदी वाचणारी प्रणाली हा आपला पहिला मार्ग होऊ शकत नाही. प्रश्न आणि छायाचित्र हा होऊ शकतो. त्यातही अडचणी आहेत. पाश्चात्त्य पुस्तकांत सोरायसिस म्हणजे गुलाबी-लाल चट्टा. सावळ्या त्वचेवर तो जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो आणि लाली लपते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये त्वचेच्या वेगवेगळ्या रंगांची काळजीपूर्वक निवडलेली छायाचित्रे घेऊन प्रचलित प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी घसरलेली आढळली. नखांच्या बाबतीत रंगाचा अडथळा कमी, म्हणून नखांचे छायाचित्र मला आपल्यासाठी अधिक आशादायक वाटते. पण कोकणात, गोव्यात, दमट हवेत आणि सतत ओल्या हातांनी काम करणाऱ्यांत नखांना बुरशी लागते; नख जाड होणे, सुटणे ही चिन्हे तिथेही असतात, आणि शेतकामातली इजा वेगळीच. एरलांगेनमध्ये शिकलेली प्रणाली रत्नागिरीत नखे वाचण्याआधी तिला रत्नागिरीची नखे दाखवावी लागतील, आणि त्यातली कोणती सोरायसिसची आणि कोणती बुरशीची हे प्रयोगशाळेत तपासून सांगावे लागेल.

याहून खोल आक्षेप असा की, लवकर सापडल्याने रुग्णाचे खरोखर भले होते का? उशिराने नुकसान होते हे डब्लिनसारख्या निरीक्षणांतून दिसते. पण निरीक्षणात एक फसगत संभवते: आजार ज्यांच्यात सौम्य आहे आणि ज्यांच्यात झपाट्याने वाढतो, त्यांची डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची वाटच वेगळी असते. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या टिकोपा चाचणीने एवढे सिद्ध केले की, निदान झाल्यावर दर महिन्याला पाहून ठरावीक ध्येय गाठेपर्यंत उपचार वाढवत नेले तर परिणाम चांगला येतो, त्याचबरोबर त्या गटात औषधांचे दुष्परिणामही अधिक होते. मात्र लवकर शोधण्याची कसोटी घेणारी ब्रिटनमधली ट्युडॉर ही चाचणी सावध करणारी आहे. तिथे सोरायसिसच्या रुग्णांची काही कुटुंब-डॉक्टरांकडे नियमित तपासणी केली, काहींकडे नेहमीप्रमाणे सोडले. नियमित तपासणीच्या गटात संधिवाताची निदाने कितीतरी अधिक झाली, पण दोन वर्षांनी रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेत फरक दाखवता आला नाही. अपेक्षेहून कमी रुग्ण सापडल्याने चाचणीची ताकद अपुरी पडली, आणि लवकर सापडलेल्यांचा आजार मुळात सौम्य होता. यावरून लवकर शोध निरुपयोगी ठरत नाही. पण अधिक निदाने म्हणजे अधिक आरोग्य हे समीकरण आपोआप खरे ठरत नाही, हे नक्की ठरते. कुठल्याही प्रणालीने ‘आम्ही इतके रुग्ण आधी ओळखले’ असे सांगितले, तर पुढचा प्रश्न हाच असायला हवा की त्यातल्या किती जणांची बोटे पाच वर्षांनी सरळ राहिली.

सोरायसिससाठीच्या बायोलॉजिक औषधांनी संधिवात टळतो का, या वादातही निरीक्षणातली हीच फसगत आहे. अर्जेंटिनातल्या एका अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांना संधिवात कमी झाला. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात उलट जास्त दिसला. दुसऱ्या निकालाचे एक संभाव्य स्पष्टीकरण सरळ आहे: ज्यांना आधीच सांध्यांची कुरबूर होती, त्यांनाच डॉक्टरांनी ती औषधे दिली. पण ज्या प्रकारच्या नोंदींनी अनुभवी संशोधकांना असे विरुद्ध निष्कर्ष दिले, त्यांवरूनच आपण यंत्राला शिकवतो आहोत.

आणि चाळणीचे स्वतःचे अपायही असतात. ‘तुम्हाला पुढे संधिवात होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य सोरायसिसच्या रुग्णाला आणखी एक ओझे देते. या आजारासोबत खिन्नता अनेकांना आधीच असते आणि लग्नाच्या बाजारातली लाज निराळी. संशयावरून मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले तर यकृतावर लक्ष ठेवावे लागते. दाह वाढवणारा टीएनएफ हा घटक रोखणारी औषधे दिली तर शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो असंख्य माणसांत झोपलेला आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या प्रवासाचे टप्पे पाडले: धोका अधिक असलेला सोरायसिस, सुप्त दाह आणि प्रत्यक्ष संधिवात. हे टप्पे वेगळे ठेवणे यंत्राच्या काळात फार गरजेचे आहे, कारण प्रणाली एक आकडा देते, आणि त्या आकड्याला पहिल्या टप्प्यातून तिसऱ्यात ढकलण्याचा मोह दवाखान्यालाही होतो आणि औषध विकणाऱ्यालाही. तसाच उलट धोका खालच्या आकड्याचा. आजाऱ्यांपैकी निम्मे सुटू देणाऱ्या यंत्राच्या कमी आकड्याने कोणाचीही वाट बंद होता कामा नये. ज्याचे बोट सुजले आहे त्याला आकडा काहीही असो, तपासायलाच हवे. म्हणून अशा प्रणालीला निकाल देण्याचा अधिकार नसावा. रांगेतला क्रम लावण्याचा असावा, आणि तोही रुग्णाला कळेल अशा रीतीने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्वचेची आणि नखांची छायाचित्रे गोळा करणाऱ्या प्रत्येक उपक्रमाने त्या चौकटीत संमती घ्यावी. सोरायसिसच्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या नावासह कुठे पोहोचेल ही भीती इथे खरी आहे.

मग करायचे काय? महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागांत सोरायसिसचे हजारो रुग्ण येतात. त्यांच्यासाठी एक लहान छापील नोंद पुरेशी आहे: पाच प्रश्न, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, नखे, टाळू, नितंबांची खाच, टाच, वजन, घरात कोणाला हा त्रास आहे का, आणि दोन्ही हातांच्या नखांचे ठरावीक प्रकाशातले छायाचित्र. पेस्टमधला ‘डॉक्टरांनी कधी संधिवात असल्याचे सांगितले होते का’ हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या सावधपणे वाचावा लागेल, कारण ‘वात आहे’ हे डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही सांगितलेले असते. हे सर्व दर वर्षी पुन्हा नोंदवावे. मग यातल्या एका गटाला, प्रश्नांची उत्तरे काहीही आलेली असोत, संधिवाततज्ज्ञाने स्वतः तपासावे आणि शक्य तिथे कंडरेच्या जागांची सोनोग्राफी करावी. या अटीवर मी सर्वाधिक जोर देतो. ज्यांनी सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटले तेही या गटात यादृच्छिकपणे निवडलेले हवेत. दुखत नाही असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांत दाह आहे, हे तपासल्याखेरीज यंत्राला काय शिकवायचे तेच आपल्याला ठाऊक नसेल, आणि प्रणाली विकायला येणाऱ्याला विचारायचा प्रश्नही आपल्या हाती नसेल. ही माहिती तयार झाल्यावर परदेशी आणि इथे बनलेल्या प्रणाली तिच्यावर तपासाव्यात, आणि त्यातल्या ज्या टिकतील त्यांची काही जिल्ह्यांत दवाखान्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करून चाचणी घ्यावी: निम्म्या ठिकाणी क्रम लावणारे यंत्र, निम्म्या ठिकाणी फक्त ती नोंद. पहिल्या तक्रारीपासून तज्ज्ञाच्या तपासणीपर्यंत किती आठवडे गेले, त्यासाठी रुग्णाची मजुरी किती दिवस बुडाली, आणि तीन वर्षांनी हातांच्या एक्स-रेत नवी झीज किती जणांत आली, एवढे मोजावे. यंत्राविना नोंद ठेवणाऱ्या दवाखान्यांतही उशीर तेवढाच कमी झाला, तर यंत्राचे पैसे संधिवाततज्ज्ञाच्या जिल्हा रुग्णालयातल्या महिन्यातून दोन फेऱ्यांवर खर्च करावेत.